शालूचं वय

१८ जून १९६२, अकोला

आल्या आल्या खोटं बोलले! सामान अजून टांग्यातच होतं. शेजारच्या जहाँआराबी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. शालूचा गाल धरून म्हणाल्या, "कित्ते साल की हुई?" — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रंक उचलून आत गेले.

शालू डिसेंबरात सहाची होईल. चालत नाही. भिंतीला टेकवली तर बसते. "माय" म्हणते, आणि "पा" म्हणजे पाणी. अंगानं एवढीशी, तीनचीच वाटते. अमरावतीत पाणी भरायला गेलं की सुरू — काहून चालत नाही हो? गरवारपणी गिऱ्हान पाळलं नव्हतं काय? जीव नकोसा केला होता. ह्यांची बदली झाली तेव्हा मीच खूश. इथं कोणाला काय माहीत! तीनच्या पोरीबद्दल कोण विचारतं?

२१ जून

जहाँआराबी शालूला मांडीवर घेऊन शिवणाला बसल्या होत्या. म्हणे, "चलेगी, चलेगी. मेरा ताहेर भी देर से चला." किती बरं वाटलं. लाजही वाटली, पण बरं वाटणं जास्त.

९ जुलै

बेबीताई घरी आल्या. महिला मंडळाची बालवाडी चालवतात, विहाराच्या खोलीत. आपल्यातल्याच. जयभीम म्हणून थेट आत, चपला काढता काढताच म्हणाल्या, "पोरगी कुठं हाय? तिले घरी काहून ठेवता?"

म्हटलं, चालत नाही हो. "चालत नाही तं काय झालं? आमी कडेवर नेऊ. माह्यापाशी अशी अजून दोन हायेत." गल्लीतल्या बायका पाळीनं येतात म्हणे. कोणी हात धरून उभं करते, कोणी बोलतं करते.

वय विचारलं. तीन म्हटलं. आता सवयच झाली!

२ ऑगस्ट

शालूनं टाळी वाजवली. दोन मुलांच्या मध्ये, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती. मी खिडकीतून पाहिलं आणि तशीच घरी आले. आत जायची हिंमत झाली नाही.

१९ ऑगस्ट

आज बालवाडीत लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या, अमरावतीहून. तीन-चार महिन्यांनी येतात. शालूचे पाय वाकवून पाहिले, खुळखुळा वाजवला, माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं — वय?

"तीन."

"मग एवढी घाई करू नका. काही मुलं मागे असतात. खायला नीट घाला, वर्षभर वाट पाहू." बाकीच्या दोन मुलांना मात्र किती वेळ दिला! त्यांच्या आयांना हातपाय कसे फिरवायचे, कसं उभं करायचं ते दोनदा दाखवलं. मला नुसतं हसून निरोप दिला.

आणि मी काय केलं? येताना पेढे घेतले! खरंच घेतले. वाटेत मलाच खरं वाटायला लागलं होतं की ती तीनची आहे. हे बाहेरून आले, म्हणाले, कशाचे? मी सांगितलं — डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं कारण नाही. ह्यांनी पेढा हातात घेतला, परत ठेवला. "कोणाच्या पोरीबद्दल म्हणाल्या?" एवढंच बोलले.

पेढे मुंग्यांनी खाल्ले.

८ ऑक्टोबर, दसरा

हे लिहायला नको. पण कुठं ठेवू?

विहारात वंदना झाली. मग बायका बसल्या आणि दरवर्षी निघतो तोच विषय निघाला — दीक्षेला कोण कसं गेलं. कोणी मालगाडीत बसून, कोणी पायी, कोणी भाकरी बांधून. मलाही राहवलं नाही. ऐटीत सांगायला लागले — पांढरं लुगडं नव्हतं, सासूचं धुऊन नेसले, सातवा महिना होता, लोक म्हणत होते चेंगरशील, तरी गेले! शालू पोटात—

बोलून गेले आणि जीभ चावली. बेबीताई बोटांवर मोजायला लागल्या. "छप्पन साली? मंग ही..."

शालू माझ्या मांडीवरच होती. माझ्या बांगड्या ओढून हसत होती. आणि मी म्हटलं, "ही नाही. ती पहिली होती. ती गेली."

कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बेबीताईंनी डोळ्याला पदर लावला. मीही रडले. त्यांना वाटलं, मेलेल्या पोरीसाठी रडते आहे!

९ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जित्या पोरीले मारून आली तू."

११ ऑक्टोबर

जहाँआराबींना कळलं. खीर घेऊन आल्या. "उस बच्ची के नाम की दुआ माँगी मैंने." मी खीर घेतली. शालूनंच खाल्ली. लाज कशाला म्हणतात ते मला आत्ता कळतं आहे.

६ नोव्हेंबर

बेबीताई आजकाल शालूला जास्त जपतात. "एक गेली हाय तुमची, इले काही होऊ देणार नाही मी." सांगून टाकावं असं ओठांपर्यंत येतं. मग वाटतं, उद्या.

४ डिसेंबर

शालूला सहा वर्षं पूर्ण. कोणाला सांगितलं नाही. न्हाऊ घातलं, काजळ लावलं. मी कसली आई!

१६ डिसेंबर

सांगितलं.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शालूचा नंबर आला तेव्हा मी बोलायच्या आधी बेबीताईच पुढे झाल्या. हळूच म्हणाल्या, "तीन वर्षांची हाय. जरा सांभाळून बोला बाई, यांची पहिली पोरगी गेलेली हाय."

मग मला ते ऐकवेना. म्हटलं, "गेलेली नाही. हीच ती. सहाची आहे." मोठ्यानंच निघालं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑगस्टमध्ये का नाही सांगितलं? तीनच्या मुलासाठी मी थांबते. सहाच्या मुलासाठी थांबले असते का?" मग त्याच खाली बसल्या. खाटेच्या दांडीला धरून उभं कसं करायचं, गुडघ्यामागे हात कसा ठेवायचा, घास हातात देऊन तिलाच कसा खाऊ द्यायचा — सगळं दाखवलं. उशीर झालाय म्हणाल्या, पण चालणारच नाही असंही नाही.

जहाँआराबी दाराशी होत्या. "मैंने दुआ माँगी थी, बाई. जिंदा लड़की की फातेहा पढ़ी मैंने!" एवढं बोलून निघून गेल्या. बेबीताई पुढच्या मुलाला आणायला वळल्या. ते जास्त लागलं.

२३ डिसेंबर

जहाँआराबी आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. शालूला उचललं, ओट्यावर नेलं आणि खांबाला धरून उभी केली. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

५ जानेवारी १९६३

शालू खांब धरून उभी राहते. मी हात सोडला की ओरडते. ओरडू दे! गल्लीत आता सगळे मोठ्यानं विचारतात — सहाची ना? आणि मी हो म्हणते. दर वेळी कान तापतात.

१३ जानेवारी

संध्याकाळी बेबीताई आल्या. दसऱ्याला विहारात डोळ्याला पदर लावला तेव्हापासून डोक्यात होतं म्हणाल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, दारातच उभ्या. त्यांना मूलबाळ नाही असं सगळी गल्ली समजते. मीही तेच समजत होते.

"वहिनी, मले एक पोरगा हाय. धामणगावले, मायपाशी ठेवला. आठ वर्षांचा झाला. बोलत नाही, अजून भरवा लागते. मी इथं साऱ्या गावाची पोरं पाहून राहिली, आन् त्याचं नाव कोणापाशी घेतलं नाही. — आणू काय त्याले इथं?"