फिलनचा डावा हात

किलिन,
११ जानेवारी १९५३

प्रिय रोरी,

तुला आणि अ‍ॅग्नेसला नव्या वर्षाचे आशीर्वाद. जरा शिळे झालेत, गोड मानून घ्या. इथे सगळं ठीक आहे. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्यात, आणि थंडी अशी की धुतलेले कपडे दोरीवर उभे राहतात.

तुझी चिठ्ठी मिळाली. लग्न होऊन दोन महिने झाले तरी आईचा एक शब्द नाही, तिला तुमचं तोंड बघायचं नसेल तर मार्चमध्ये कॅनडाची बोट धरतो, असं लिहिलंयस. त्याबद्दल लिहितेच, पण आधी नाचाचं सांगू दे.

तुला माहीतच आहे, संत फिलनच्या दिवसाचा नाच म्हणजे आईच्या घरचं कार्य. यंदा तिने स्वतः नवा नाच बसवला, ‘फिलनचा हात’. दिवा मालवला की तू भोकाड पसरायचास, तेव्हा ती हीच गोष्ट सांगायची ना? मठात काळोख, आणि फिलनचा डावा हात दिव्यासारखा उजळला. त्या उजेडात तो उजव्या हाताने लिहीत बसला. तू विचारायचास, “मग तो झोपायचा कसा?” आई म्हणायची, “पांघरुणात हात घालून. तूही झोप.”

या नाचात सगळ्या गिरक्या डाव्या हाताने. जन्मभर आधी उजवा हात देणारी माणसं आपली! तालमीत नुसता गोंधळ. आई खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, “हेमिश, डावा हात देवाने खिशात ठेवायला दिलाय का रे?” बेकरीवाल्या मिसेस लॅमाँट म्हणाल्या, “फिलनबाबाचा मान म्हणून असेल.” आई म्हणाली, “हो, मानच.”

नाताळच्या आदल्या दिवशी गिरणीतल्या फिलनच्या दगडांखालचा पेंढा बदलायला ती गेली होती. ज्याचं जे दुखतं त्यावर त्या-त्या अवयवाच्या आकाराचा दगड फिरवला की बरं होतं, यावर ती जन्मभर हसत आली. यंदा बाकीच्या बायका निघाल्या तरी ती आतच. मी दारातून पाहिलं, ती एक दगड हातावरून फिरवत होती, आणि मी तशीच मागे फिरले.

परवा हॉल गच्च भरला होता. आई ओळीच्या शेंड्याला, जोडीला टपालवाला डुगल मॅकनॅब. फिडल सुरू झालं, दोघं वाकले, आणि डुगलने सवयीने उजवा हात पुढे केला. आईचा उजवा हात चौकड्यांच्या टार्टनच्या पट्ट्यात खोचलेला होता. तो बाहेर आला नाही. डुगल हात पुढे करून उभाच, गाणं पुढे गेलं.

“डुगल, फिलनचा उजेड डाव्या हातात होता रे!” आई म्हणाली. “तूही असाच अंधारात टपाल वाटतोस, म्हणून मॅकग्रेगरांची बिलं आमच्या दारात येतात!” हॉल हसला. तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याला फिरवून जागेवर नेऊन सोडलं. रोरी, मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पण पुढचं ऐक. नंतर जुनाच नाच लागला, झोपेतही चुकणार नाही असा, पहिला हात उजवा. डुगलने मिसेस लॅमाँटना डावा दिला. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि डावा दिला. मग हेमिशने, मग सगळ्यांनीच. ओळीचा असा गुंता झाला की फिडलवाला थांबला.

“गाढवांनो, सगळं विसरलात?” आई ओरडली.

“वय झालं, मिसेस मॅकडायरमिड,” डुगल म्हणाला. “आता आमचं असंच चालायचं.”

आई भिंतीकडे तोंड करून पट्टा सारखा करत राहिली. आम्ही दोघी समजत होतो की गावाला पत्ता नाही.

तर आता लिहिते. ऑक्टोबरमध्ये धार काढताना आईचा उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. पाय वाचले, आणि जीभ तर तू वर वाचलीसच. तुझं लग्नाचं पत्र त्यानंतर आलं. ती रागावली नव्हती रे, तिला पेनच धरता येत नव्हतं. मी लिहिते म्हटलं तर म्हणाली, “माझ्या लेकाला आशीर्वाद दुसऱ्याच्या अक्षरात?” रोज संध्याकाळी डाव्या हाताने गिरवते, आणि कागद शेगडीत टाकते. कॅनडाचं वाचून म्हणाली, “तरण्याताठ्या पोराला लुळ्या हाताने अडवायचं नसतं. त्याला काही कळवू नकोस.”

मी कळवलं. आता खाईन तिचे शिव्याशाप.

शनिवारच्या गाडीने दोघं या. अ‍ॅग्नेसला सांग, सासू टोमणे मारेल, मारले नाहीत तर मात्र काळजी करायची. दार आईच उघडेल, मी मुद्दाम गोठ्यात थांबेन. आणि रोरी, तू सवयीने उजवा हात पुढे करशील. डावा कर.

तिच्याही वतीने वाट पाहणारी तुझी बहीण,
इशबेल