अफू सुटताना

दिग्रस
ता. ४ सप्टेंबर २००६

चि. संघदीपास नलूताईचा सप्रेम जयभीम. इकडे सारे बरे.

कापसाच्या खेपा बंद पडल्या अन् तू वणीले कोळशाच्या ट्रकवर गेला, तेव्हा मी निश्चिंत झालते. पण काल ममताचा फोन आला. जागं राहाले तू चहात अफू घेतो म्हणे. परवा मैत्रेयीले शाळेतून आणताना स्टँडवर उभं केलं, अफू आणाले गेला अन् पोरीले विसरून एकटाच घरी आला. चहावाल्या हंसाबाईनं तिले पोचवलं. लहानपणी माझा पदर न सोडणारा तू, पोटची पोर विसरला? खरं काय ते तूच लिही. ममतावर रागावू नको, बायको आहे, काळजीपोटी बोलली.

माया आहे, म्हणून विचारते.
तुझी ताई, नलू

वणी
ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस सप्रेम जयभीम. पत्र भेटलं.

ममता वाढवून सांगते. इथं बरेच ड्रायव्हर घेतात. मनात आणलं तर उद्या सोडीन.

खरं म्हणजे मागच्या रविवारी सोडलीच होती. दुपारपासून नाकडोळे गळाले लागले, हाडं मोडून आली, जुलाब लागले. मैत्रेयी जवळ आली तर तिच्यावर खेकसलो. संध्याकाळी घेतली, तवा माणसात आलो. आता अफूत मजा राह्यली नाही ताई, पण घेतल्याबिगर उठवत नाही. भाऊजीले सांगू नको. तूही येऊ नको, मले लाज वाटते.

राग मानू नको.
तुझा संघदीप

दिग्रस
ता. १८ सप्टेंबर

चि. संघदीपास अनेक आशीर्वाद.

यवतमाळच्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरीणबाईले भेटून आले. याच्यात जिद्दच नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, भावाले बोल लावू नका. दुखणं दबवणारं, बरं वाटवणारं काहीतरी मेंदू स्वतःच बनवत असतो. अफू बाहेरून येत राह्यली की तो आपलं काम कमी करतो. मग ती बंद झाली की सारं अंग दुखते, अन् मेंदू भूक, झोप, लेकरू सारं मागं टाकून तिलेच मांगते. तो सावरते, पण हळूहळू. घरात कोंडून घेऊन एकट्यानं अफू सोडाले जाऊ नको, त्यांच्या देखरेखीत औषध घे, असा त्यांचा निरोप आहे.

शुक्रवारी मी यवतमाळच्या स्टँडवर थांबते. ममतासंगं ये. नाही आला तर मी वणीले येईन, अन् तरी काही बोलणार नाही.

वाट पाहणारी,
ताई

यवतमाळ
ता. २९ जानेवारी २००७

ती. ताईस सप्रेम जयभीम.

ॲडमिट होतो तवा तू उशाशी बसून राह्यली, त्याबद्दल मले लिहिता येत नाही. ट्रक सोडला तो सोडलाच, आता कोळशाच्या गाड्या मोजाच्या वजनकाट्यावर कामाले आहो. झोप अजून तुटक लागते. काही दिवशी कशातच मन लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, धीर धर, मेंदूले वेळ लागते.

एक गोष्ट तुले सांगितली नव्हती. संक्रांतीले देवीलाल ड्रायव्हरच्या गाडीत बसलो अन् पुन्हा अफू घेतली. याच देवीलालनं मले पयल्यांदा दिली होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच इथं दवाखान्यात आलो. वाटलं हाकलतील. बाईनं खुर्ची दिली अन् विचारलं, घेण्याआधी मनात काय चाललं होतं.

आज पुन्हा आलो, पण माह्यासाठी नाही. देवीलाल संगं आहे. कालच म्हणाला, मलेही ने. आता दवाखान्याच्या बाहेर बाकावर माह्या बाजूले बसला आहे, हात काखेत दाबून. दोनदा उठून फाटकापर्यंत गेला अन् परत आला. मी त्याले ओढत नाही. बसलो आहो.

त्याचं नाव पुकारलं. थांबतो.

तुझी माया अशीच राहू दे.
संघदीप