पांढऱ्या दगडात रुतलेले निळे टोक

मी, खनिजांचे नमुने साफ करून विकणारी, वय सत्तरीच्या पुढे, विधवा, हे मृत्युपत्र माझ्या कामाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. प्रकृती वयाच्या मानाने उत्तम, असे त्यात म्हटले आहे. स्वभावाबद्दल काही लिहिलेले नाही, हे त्यांचे उपकार. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी नणंद. ती लेकाकडे, समुद्रापलीकडे राहायला गेली.

१. राहते घर माझ्या लेकीला मिळावे. जावईबापूंना भिंत पाडून पुढची खोली मोठी करायची आहे, ती त्यांनी खुशाल करावी. मात्र पूर्वेच्या खिडकीला हात लावू नये. दगड ओळखायला तसला उजेड विकत मिळत नाही.

२. बँकेतली शिल्लक लेक आणि पुतण्या यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावरून भांडू नये. भांडावे एवढी ती नाहीच.

३. ब्रश, चिमटे, आणि शेजारच्या दंतवैद्य बाईंनी वापरून झाल्यावर मला दिलेल्या सगळ्या सुया माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंना द्याव्यात. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, शेफारल्या असत्या.

४. ज्या दलालाने निळ्या खड्यांचे गोळे पांढऱ्या दगडावर गोंदाने चिकटवून मला अस्सल म्हणून विकले, त्याला माझी ॲसिटोनची बाटली द्यावी. त्याचा माल तिच्यातल्या एका थेंबाने सुटा झाला होता. तेव्हा तो म्हणाला, "ताई, माणसावर विश्वास ठेवायला शिका." शिकले नाही.

५. आता कपाटातल्या वरच्या कप्प्यातला दगड. तो आमच्या ह्यांना खाणीत सापडला. पांढरा स्टिलबाइट, आणि त्यात अर्धा रुतलेला गडद निळा स्फटिक. असा निळा रंग दोन दुर्मिळ सिलिकेट खनिजांचा असतो: कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट. दोन्हींत जिन्नस तेच, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी, तेही त्याच प्रमाणात. दोन्ही सारखेच मऊ, चाकूने ओरखडा पडेल इतके. फरक आहे तो आतल्या मांडणीत. कॅव्हनसाइटमध्ये सिलिकाची कडी चारांची आणि आठांची, पेंटागोनाइटमध्ये सहांची. एकाच कणकेच्या दोन घड्या म्हणा. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक टोकाकडून पाहिले तर पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. आमच्या स्फटिकाचे टोक नेमके पांढऱ्या दगडाच्या आत आहे.

हे मला आणि आपल्या बहिणीला म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून ठरवा," आणि त्याच वर्षी गेले.

माझी नणंद प्रयोगशाळेत, स्फटिकाची आतली मांडणी दाखवणाऱ्या क्ष-किरणांच्या यंत्रावर काम करायची. ह्यांच्यामागे ती दर रविवारी येऊ लागली. तिचे म्हणणे पेंटागोनाइट, माझे कॅव्हनसाइट. ती म्हणायची, "वहिनी, एक कण दे गं. यंत्रात घालते, संध्याकाळपर्यंत उत्तर." मी म्हणायची, "वन्सं, तुमच्या दादांची वस्तू आहे, कोरून द्यायची का? पुढच्या रविवारी बघू." मग चहा, मग भिंग, मग पुन्हा वाद. अशी वर्षे गेली. निघायच्या दिवशी दारात चपला घालताना ती म्हणाली, "तुला उत्तर नकोच आहे, वहिनी." मी म्हटले, "तसं नाही हो." तसेच होते. उत्तर मिळाल्यावर ती कशाला आली असती?

आता फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, हवेची होते. दगडाचा विषय ती काढत नाही, आणि मलाही धीर होत नाही. रविवारी सकाळी मी अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. मला तिची फार आठवण येते. कायद्याच्या कागदात हे लिहायचे नसते, असे वकिलांचे मत आहे.

तरी हा दगड माझ्या नणंदेला मिळावा. तो टपालाने किंवा कोणाच्या हाती पाठवू नये. तिने स्वतः यावे, याच टेबलावर, सकाळच्या उजेडात तो फोडावा आणि टोक पाहावे. चांदणी निघाली तर माझ्या फोटोसमोर येऊन मोठ्याने सांगावे. नाही निघाली तरी सांगावे. गप्प बसून सुटका नाही.

६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी नणंदेचीच नेमणूक करते. वकील म्हणाले, "जवळचं कोणीतरी नेमा." जवळचेच नेमले आहे.

७. याची एक प्रत उद्याच तिला टपालाने जात आहे. ती माझ्या हयातीत आली, तर वरील सर्व रद्द समजावे. दगड दोघी मिळून फोडू. उत्तर कळल्यावर भांडायला काय उरेल, याचा मी खूप विचार केला. काहीतरी सापडेल. नवे मृत्युपत्र मी त्यानंतर सावकाश करीन. हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. दंतवैद्य बाई, शेजारच्या (सही)
२. घड्याळजी, खालच्या मजल्यावरचे (सही). वाचून म्हणाले, "अहो, हे मृत्युपत्र आहे की बोलावणं?" तरी सही केली.

दिनांक: चौदा जून, रविवार
ठिकाण: खिडकीजवळचे टेबल. वन्सं, तुमची खुर्ची हलवलेली नाही.