झरोक्यापाशी ऐकून केलेली वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घरगाड्या बांधणे, आज सकाळी नेहमीसारखा फिरून येऊन, दाढी करून, कोणी हाताला धरून बसवलेले नसताना हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वाटणीला गुडघे लागत नाहीत. डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कान कसे आहेत ते दाखल्यात नाही. ते माझ्या मुलांना हा कागद वाचून कळेल. याआधी मी जे काही लिहून ठेवले असेल ते रद्द समजावे. विशेषतः गेल्या महिन्यात लिहायला घेतलेले, ज्याची हकीकत पुढे येईल.

एक. वाटणीआधी धंद्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण सगळी वाटणी त्याच्यावर उभी आहे. गिऱ्हाईक ज्याला कॅरॅव्हॅन म्हणते तिला आम्ही कारखान्यात नुसती घरगाडी म्हणतो. पाठीवर खाटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास घेऊन चालणारी गाडी. मी वेल्डर म्हणून लागलो तो रुग्णवाहिका बांधणाऱ्यांकडे. आडवा पडलेला माणूस तक्रार करत नाही, एवढे तिथे शिकलो. पुढे स्वतःची शेड घेतली आणि भंगारात निघालेल्या एका रुग्णवाहिकेची पहिली घरगाडी केली, दातांच्या एका डॉक्टरसाठी, बायको आणि तीन मुलांसह. तेव्हा कळले की सहलीला निघालेला माणूस आडवा पडला तरी तक्रार करतो.

गिऱ्हाईक येते ते टीव्ही मागत, ओव्हन मागत, छतावर खुर्च्या मागत. सहा जणांची गाडी द्या म्हणते. सहा जण वर्षातून चार दिवस जमतात. बाकीचे दिवस ती गाडी दोघांचीच असते आणि ते दोघे भांडलेले असतात. त्याला खरे काय लागणार हे त्याला ठाऊक नसते, म्हणून मी एक पद्धत काढली. सांगाडा उभा राहिला, पत्रा ठोकून झाला, की खाटांच्या जागी नुसत्या फळ्या टाकायच्या, अख्खे कुटुंब आत बसवायचे, दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘अर्धा तास बसून बघा, मी तेवढ्यात चहा सांगून येतो.’ चहा आधीच सांगितलेला असे. मी मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीवर हवेचा झरोका असतो तिथे जाऊन उभा राही. कोणाची खाट संडासापासून लांब हवी, कोणाच्या आणि कोणाच्या मध्ये कपाट घालायला हवे, हे नकाशावर कळत नाही. ‘आई घोरते’ एवढे एक वाक्य आतली रचना तीन फुटांनी बदलते. लोक म्हणत, तुम्ही मनातले ओळखता. मी मान लववून हसत असे.

माझा थोरला मुलगा बावीस वर्षे माझ्याबरोबर त्या झरोक्याशी उभा राहिला आहे, हातात वही घेऊन. हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

माझी पत्नी, जी आता नाही, तिला ही पद्धत पसंत नव्हती. ‘लोकांचं चोरून ऐकून गाड्या करता,’ ती म्हणायची, ‘घरात एकदा नुसतं विचारून बघा.’ आम्ही दोघे एकदाच घरगाडीतून फिरलो, तेही गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायच्या निमित्ताने, तीन दिवस. तिला खिडकी फार आवडली. परत आल्यावर ती गाडी पुसून मी गिऱ्हाइकाच्या हवाली केली.

दोन. किरकोळ. माझी हत्यारे, वेल्डिंगचा चष्मा आणि नट आवळायचे दोन्ही पाने धरून, कारखान्यातल्या सुतारमिस्त्रींना द्यावीत. हा माणूस एकोणीस वर्षांत मला एकदाही ‘वा साहेब’ म्हणालेला नाही. म्हणून देतो.

माझ्या जुन्या भागीदाराला, जो माझे नकाशे घेऊन पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचे दुकान मांडून बसला, संडासाचे दार आत उघडते तो मूळ नकाशा चौकट करून भेट द्यावा. तो नकाशा मी त्याच्या टेबलावर मुद्दाम विसरलो होतो अशी बाजारात अफवा आहे. अफवा खरी आहे. त्याच्या सात गाड्यांमध्ये माणसे अडकली; त्यातला एक जाडा होता आणि त्याला खिडकीची चौकट कापून काढावे लागले. त्याची मी मनापासून माफी मागतो. भागीदाराची मागत नाही.

तीन. आता त्या रविवारची हकीकत. पत्नी गेल्यावर पाच वर्षांनी मी घरच्यांसाठी एक गाडी बांधायला घेतली. अशी गाडी मी कोणालाच दिलेली नाही. सागाचे कप्पे, दोन टाक्या, चालकाच्या डोक्यावर नातवंडांसाठी माळा. पत्रा ठोकून झाल्यावर सगळ्यांना बोलावले: थोरला, सूनबाई, धाकटी म्हणजे माझी मुलगी, आणि जावईबापू. नातवंडांना सुतारमिस्त्रींबरोबर फळ्या मोजायला लावले आणि या चौघांना आत बसवून दार लावले. चहा सांगून येतो म्हणालो.

सूनबाई पहिली बोलली. मधली खाट बाबांना दिली तर चार दिवस त्यांचा खोकला उशाशी घ्यावा लागेल, असे तिचे म्हणणे. जावईबापूंनी एका वृद्धनिवासाची चौकशी करून ठेवली होती. बाग चांगली आहे, भेटायची वेळ फक्त रविवारी आहे म्हणजे आपल्यालाही बरे, असे ते म्हणाले. मग धाकटीने सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो.

‘आई गेली त्या दुपारी बाबा कुठे होते माहितीये ना? गिऱ्हाइकाच्या गाडीला पडदे लावत होते. मी दोनदा माणूस पाठवला. म्हणाले, एवढी कडी बसवून येतो. मला नाही त्यांच्या शेजारी चार दिवस बसायचं. मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की मला रडू येतं. तुमची सहल वाया जाईल.’

यावर थोरला म्हणाला, ‘मोकळं बोला. बाबा काय ऐकायला बसलेत थोडेच?’

हे वाक्य तो अर्ध्या तासात तीनदा बोलला. जो थांबेल त्याला त्याने हलकेच पुढे ढकलले. मग कारखाना कोणी बघायचा? बाबांना खरंच सोडवत नसेल का? तुला काय वाटतं, सांग ना. आणि स्वतःबद्दल एवढेच म्हणाला, की मला काही नको, बाबा म्हणतील तसं, मी त्यांना एकटं सोडणार नाही.

मी चहा घेऊन दार उघडले. सगळ्यांनी गाडीची तारीफ केली.

चार. माझी चूक इथे नोंदवतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांच्याच नोंदवतो असे कोणी म्हणू नये. त्या रविवारी मी घरी जाताना रडलो. चौघांत एकच आपला निघाला, असे वाटले. दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंकडे जाऊन सगळे थोरल्याच्या नावे लिहायला सांगितले आणि मुलीचे नाव खोडायला सांगितले. वकीलबाई म्हणाल्या, चार दिवस थांबा. त्या नेहमीच असे म्हणतात, तरी मी थांबलो.

बुधवारी सकाळी दाढी करताना वस्तरा गालावर थांबला. बावीस वर्षे वही घेऊन माझ्या शेजारी उभा राहणाऱ्याला मी कुठे उभा आहे हे ठाऊक नव्हते काय? तो झरोक्याखालीच बसला होता. शेडच्या त्या टोकाच्या वेल्डरला हाक मारतो त्या आवाजात बोलत होता. बाकीचे तिघे आपापसात बोलले. तो माझ्याशी बोलला, आणि बहिणीच्या तोंडून तिचा वाटा माझ्यासमोर काढून घेतला.

मी गाल पुसला आणि हसलो. शिकवणारा मीच.

पाच. राहते घर माझ्या दोन नातवंडांना, म्हणजे थोरल्याच्या मुलांना, समान. थोरला आणि सूनबाई तिथे मुलांच्या मर्जीने राहतील. मुलांच्या घरात बाप कसा राहतो हे थोरल्याने माझ्याकडे बघून शिकलेले आहे: कोणत्या खुर्चीवर बसायचे, पाहुणे आले की कोणत्या खोलीत जायचे, आणि खोकला आला तर नळ सोडायचा.

सहा. घरच्यांसाठी बांधलेली ती घरगाडी सूनबाईला, एकटीच्या नावे. मधली खाट तिचीच. खोकणारा माणूस आता तिच्यात असणार नाही. नवऱ्याला बरोबर न्यावे की नाही हे तिने ठरवावे. सूचना: निघण्यापूर्वी गॅसची नळी हाताने चाचपावी, डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. जड सामान मागे रचू नये, उतारावर गाडी शेपटी हलवते. परत आल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, नाहीतर वास सहा महिने जात नाही. आणि पहिल्या दिवशी भांडण होते, दुसऱ्या दिवशी अबोला होतो, तिसऱ्या दिवशी माणसे खिडकीबाहेर बघायला लागतात. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी परत फिरू नये. गाडी घेण्यात जे काही आहे ते तिसऱ्या दिवशीच आहे.

सात. जावईबापूंना वृद्धनिवासाचे माहितीपत्रक, जे त्या रविवारी फळीवर राहून गेले. पान सहावर त्यांनीच पेनाने खूण केली आहे. मी जाऊन पाहून आलो. बाग खरोखरच चांगली आहे. बँकेतली माझी शिल्लक तिथल्या ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशांच्या सहलींसाठी द्यावी. गाडी आमच्या कारखान्याने भाड्याशिवाय पुरवावी.

आठ. कारखाना. जागा, शेड, यंत्रे, नाव आणि पाटी. बाकी सगळे किरकोळ. थोरल्याला हवे आहे ते हे. बावीस वर्षे तो दर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडतो आणि माझ्या खुर्चीला हात न लावता तिच्याकडे बघतो. धाकटीला मी तिथे कधी उभे राहू दिले नाही, तरी तिने दुसरीकडे बसच्या बांधणीचे काम शिकून घेतले, आणि त्यातले तिला थोरल्यापेक्षा जास्त कळते. हेही मी तिथल्याच लोकांकडून ऐकले, तिला विचारून नाही.

मी कारखाना पूर्णपणे माझ्या थोरल्या मुलाला देत आहे. देताना हात आखडला असे कोणी म्हणू नये.

नऊ. या कागदावर जो साक्षीदार म्हणून सही करील, त्याला या कागदातून काहीही मिळणार नाही. त्याच्या नावे काही लिहिलेले असल्यास ते रद्द समजून माझ्या मुलीला जाईल. साक्षीदाराने काही घेऊ नये हे वकीलबाईंनी सहज बोलताना सांगितले; थोरला तेव्हा त्यांची गाडी सावलीत लावायला गेला होता.

दहा. साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांना आणि थोरल्याला बोलावले आहे. तो बाहेरच्या खोलीत बसला आहे, इस्त्रीचा शर्ट घालून. वकीलबाई म्हणतात हा सापळा झाला. मी म्हणालो, सापळ्यात दाणा दिसतो आणि दार दिसत नाही. इथे दोन्ही लिहिले आहे, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. मी हे पान सगळ्यात वर ठेवणार आहे. डॉक्टर त्याला वाचायला सांगतील. त्याने नववे कलम वाचले तर तो सही करणार नाही, आणि कारखाना त्याचा. त्याबद्दल माझी काही तक्रार राहणार नाही. वाचून तो माझ्याकडे वळला आणि त्या रविवारबद्दल एक शब्द जरी बोलला, तर मी नववे कलम माझ्या हाताने खोडीन. न वाचता सही केली तर ती त्याची त्याने केली. धाकटीला यातले काहीच ठाऊक नाही.

हा कागद अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे राहील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: एकोणीस सप्टेंबर, शुक्रवार, सकाळचे सव्वाअकरा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही, वाचून)

साक्षीदार दुसरे: थोरला मुलगा (सही, न वाचता)

शेरा, माझ्याच हाताने, सह्या झाल्यावर: डॉक्टरांनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, वाचून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, ‘वाचायचं काय त्यात, बाबांनी लिहिलंय.’ मी त्याला बसायला सांगितले. पाणी मागितले, ते त्याने आणून दिले, मी ते सावकाश प्यायलो. पान उघडेच होते. त्याने पेन काढले, पानाकडे न बघता माझ्याकडे बघून हसला आणि विचारले, ‘सही कुठे करू, बाबा?’

मी जागेवर बोट ठेवून दाखवले.