थोरल्या राजांचा निरोप

सुम्बेरेजो, सोलोजवळ
१० सप्टेंबर १९७३

प्रिय मुर्तिनीताईस,

दर्सोनोचा सलाम. इकडे सगळे खुशाल, तिकडे मकासरलाही तुम्ही तसेच असाल असं धरून चालतो. भावोजींनी पाठवलेले सुके मासे मिळाले. डब्याचं झाकण बसमध्येच सुटलं, त्यामुळे गावापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. ऐसपैस आलो. त्यांना माझे आभार सांग.

मागच्या अंगणातला फणस यंदा लगडलाय. हार्जोकाकांचा पुढचा दात पडला, त्यामुळे ते आता हसताना तोंडावर हात ठेवतात आणि शिव्या देताना काढतात. माझ्या हेडफोनची एक बाजू बिघडली आहे. बाकी ठीक.

रेडिओनं मला रेकॉर्डिंगचं नवं जर्मन यंत्र दिलंय. शाळेच्या दप्तराएवढं आहे, पट्टा अडकवून खांद्याला लावायचं, आत दोन चकत्या फिरतात आणि टॉर्चची बॅटरी खातात. खांदा निखळतो, पण मी ते झोपतानाही जवळ ठेवतो, त्यावरून साहेब मला लग्नाबद्दल विचारतात. या वेळी हुकूम असा निघाला की मोठा गाँग घडताना रेकॉर्ड करून आणा, तापल्या काशापासून पाण्यात विझेपर्यंत. कोणत्या भट्टीत, हे विचारायच्या आधीच सगळे माझ्याकडे बघत होते; बाबांची भट्टी सगळ्यांना ठाऊक.

बाबांनी यंत्राला दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "यात काय काय मावतं?"

"ऐकू येईल ते सगळं."

"मग आधी हार्जोचं घोरणं घे. हल्ली अशी चीज मिळत नाही."

तू म्हणशील, बाबा चेष्टा करायला लागले म्हणजे काहीतरी लपवतायत. लिहितो. जरा दम धर.

भट्टीची दारं-खिडक्या बंद करून काम, हे तुला माहीतच आहे. अंधार नसेल तर काशाची लाली कळत नाही. पण अंधारात मला यंत्राची सुई दिसेना, आणि चार हातोडे एकदम पडले की सुई टोकाला आपटून मोडते की काय असं वाटायचं. शेवटी मायक्रोफोन लांबच्या आढ्याला टांगला. धूळ लागू नये म्हणून त्याला माझा मोजा घातला. हार्जोकाकांनी मान वर करून विचारलं, "धुतलेला आहे ना? गाँगला वास लागायचा."

भट्टीचा नेम तू विसरली नसशील. हातोडा उचलण्याआधी प्रत्येकानं घरचं नाव दाराबाहेर ठेवायचं आणि गोष्टींतल्या राजपुत्राचं नाव घ्यायचं, म्हणजे आगीतल्या भुतांना कोणाला धरावं ते कळत नाही. बाबा थोरले राजे, हार्जोकाका मधले राजे. मला धाकटे राजे केलं. राजघराण्यात एक हमाल लागतोच.

आणि धाकट्या राजांनी पहिल्याच घटकेला घाण केली. आमच्या ऑफिसची शिस्त अशी की चकती फिरायला लागली की आधी गाव, तारीख आणि कारागिराचं नाव बोलायचं. जीभ सवयीची गुलाम. हातोडे पडायला लागले आणि मी मायक्रोफोनखाली उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "कारागीर, कार्तोदिमेजो."

हातोडे थांबले. भात्यावरचा माणूसही थांबला.

"कोण?" थोरले राजे म्हणाले. "इथे या नावाचा कोणी नाही."

"झालं!" हार्जोकाका म्हणाले. "रेडिओवाल्यानं भुतांना पत्ता दिला. आता पोस्टाचं तिकीटही लाव!"

काशाची थाळी तशीच गार झाली. फुलं, भात, ऊद, सगळं पुन्हा मांडलं. केळी आणायला मला पिटाळलं. परत आलो तर बाबा यंत्रासमोर उकिडवे बसले होते. "ते नाव यातून काढ." मी चकती मागे फिरवली, ब्लेडनं टेपची हातभर पट्टी कापली, उरलेली टोकं चिकटवली. बाबांनी ती पट्टी चिमट्यात धरून निखाऱ्यांवर टाकली. असा घाणेरडा धूर झाला की सगळं राजघराणं खोकत खोकत बाहेर पळालं. हार्जोकाका म्हणाले, भुतंही गेली असतील.

मग मात्र काम असं झालं की काय सांगू. हातोड्यांचा तो ताल लहानपणापासून ऐकलाय, पण हेडफोनमधून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. शेवटी गाँग पाण्यात गेला तेव्हाचा फुत्कार आहे ना, तो नक्की ऐक.

आता ते हेडफोनचं. बिघडलेलं काहीच नाही. आदल्या दिवशी बाबांना ऐकायला दिला, तर ते म्हणाले उजव्या बाजूला काही येत नाही. मी म्हटलं, तार तुटली असेल. मग डावीकडेही आवाज पुरता वाढवायला लावला. यंत्रात दोन्हीकडे एकच आवाज जातो, ताई. मला कळलं आणि त्यांना कळलं की मला कळलं. पण आम्ही दोघंही तारेलाच नावं ठेवत बसलो.

सुरात लावताना गाँगची लाट, ती आवाजाची हळू चढ-उतार, मोजावी लागते, ती त्यांना ऐकू येत नाही. गेले दोन गाँग हार्जोकाकांच्या "बरोबर आहे" वर गेले आणि दोन्ही परत आले. हार्जोकाकांचे कान तर हातोड्यानं कधीचेच अर्धे गेलेत; बोलणं कळतं, लाट नाही. मी लावू का म्हटलं, तर बाबा म्हणाले, "सुई बघितल्याशिवाय तुला ऐकू येत नाही." खरंच आहे ते.

काम संपलं की मी थोडा वेळ नुसती जागा रेकॉर्ड करतो. कोणी बोलायचं नाही. पुढे जोडकाम करताना ती शांतता लागते. तसं सगळ्यांना सांगितलं. निखारे तडतडत होते, पाणी ठिबकत होतं. आणि थोरले राजे बोलायला लागले. तोंड हार्जोकाकांकडे, पण लेकी बोले सुने लागे.

"मधले राजे, बाहेरचा तो कार्तोदिमेजो ओळखता ना?"

"ओळखतो की! हट्टी माणूस."

"त्याचा एक कान गेला, दुसरा निघालाय. कोणाला सांगत नाही."

"गाढव आहे."

"गाढव म्हणण्याइतका नाही. त्याची एक मुलगी आहे, मुर्तिनी. लहानपणी वाळूच्या ढिगावर बसून सांगायची, बाबा, लाट लवकर मोडतेय. हा म्हणायचा, गप्प बस. आणि तिची पाठ वळली की तिनं सांगितलं तिथेच ठोकायचा."

हार्जोकाकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी ते धुरावर ढकललं.

"तिनं त्या दर्यावर्दीशी लग्न केलं तेव्हा हा बोलून बसला, मी कार्तोदिमेजो असेपर्यंत तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. मी काही कार्तोदिमेजो नाही. मी म्हणतो, मुर्तिनीनं यावं. रमझान लागायच्या आत यावं, ईद करून जावं. त्या दर्यावर्दीलाही आणावं. गाँग तिच्याशिवाय सुरात यायचा नाही." आणि अगदी हळू, "गाँगचं तर निमित्त आहे."

माझी शांतता वाया गेली. जोडकामाला मी कुठलीतरी दुसरी वापरीन.

बाहेर येऊन बाबांनी हातपाय धुतले. मी विचारायला गेलो, तर म्हणाले, "आतलं आतल्यांना विचार." पण संध्याकाळी स्वतःच हेडफोन मागितला. थेट डाव्या कानाला लावला, तारेचा विषय निघाला नाही. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "फार बोलतात हे राजे."

"कापू का?"

"हात तर लावून बघ!"

मूळ रेडिओला जाईल. सोबत पाठवतोय ती तुझी नक्कल. मकासरच्या रेडिओ केंद्रात माझा दोस्त रुस्लान आहे, तो ऐकवील. भावोजींनाही बरोबर ने. बाबा स्वतः बोलावतील तेव्हाच येईन, असं तू लिहिलं होतंस. थोरले राजे म्हणजे बाबाच की नाही, यावर तू हटून बसशील हे मी ओळखून आहे. कोणाची मुलगी आहेस ते मला माहीत आहे.

म्हणून एवढंच सांगतो. गाँग पोत्यात गुंडाळून टांगलाय, त्याला कोणी हात लावत नाही. मी आत्ता ओसरीवर बसून हे पत्र लिहितोय आणि बाबा शेजारी विडी वळतायत. मी विचारलं, "शेवटी थोरल्या राजांचा आशीर्वाद लिहू?"

विडी वळून झाली, पेटवून झाली. मग म्हणाले, "त्यांचा कशाला? ते भट्टीबाहेर पडत नाहीत. मुर्तिनीला कार्तोदिमेजोचा लिही."

ताई, हे टेपवर नाही. यंत्र बंद होतं. पण माझा उजवा कान शाबूत आहे आणि बाबा त्याच बाजूला बसलेत.

मुर्तिनीला कार्तोदिमेजोचा आशीर्वाद.

तुझी वाट बघणारा,
दर्सोनो