मागे राहणारं विमान

मंगळवार, ६ मे
सकाळी सुमीचा फोन. "बाबा, थोडे दिवस फोन लागणार नाही. आईला नीट सांगा." कुठे, ते विचारलं नाही. विचारायचं नसतं. लेक हवाई दलात, पाठीवर रडार असलेल्या मोठ्या विमानात पडद्यासमोर बसते. शत्रू कुठे आहे ते लढाऊ वैमानिकांना सांगते.
सौ.ला नेहमीचंच सांगितलं : ते विमान लढत नाही, मागे राहतं. "तर मगे बरा," म्हणाली, आणि कोकमाची सोलं वाळत घालायला गेली.

बुधवार, ७ मे
सीमेवर सुरू झालं. टीव्हीवाला ओरडतोय, "क्षेपणास्त्राचा पल्ला दोनशे किलोमीटर!" अर्धवट माहिती. किती उंचीवरून? समोरून येणाऱ्यावर की पळणाऱ्यावर? पाठ फिरवून पळणाऱ्यावर तोच पल्ला निम्म्याहून खाली येतो. इंजीन थोडाच वेळ जळतं, पुढे नुसता साठलेला वेग. मी कॉलेज पाहिलं नाही, पण एवढं कळतं.
माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बाबल तांडेल, होडीवरचा, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर घेऊन. "अण्णानु, ता मिसाईल मालवणाक येतला काय ओ?" म्हटलं, अरे, ते विमानातून विमानावर सोडतात. "मगे आमी सुटलव! होडयेक कोण इचारता!" सगळे हसले. मीही.

गुरुवार, ८ मे
फोन नाही.
लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची जुनी कात्रणं काढली. अमेरिकेचं फिनिक्स : आरमारावर चालून येणारे बॉम्बर दुरूनच पाडायला. मग रशियाचं आर-३७. चीनचं पीएल-१५. आपलं 'अस्त्र'. सगळं तोंडपाठ. पण आर-३७ कशासाठी काढलं, ते आज लिहवत नाही. मोठी, संथ, वळायला जड विमानं. हवेत इंधन देणारी, रडारवाली. मागे राहणारी. त्यांना गाठायलाच तर एवढा पल्ला.
आणि क्षेपणास्त्राच्या नाकातलं रडार अगदी शेवटी चालू होतं. तोवर विमानातल्यांना पत्ताच...
असो.

शुक्रवार, ९ मे
शेजारचा वसंत मोबाईल घेऊन आला. पंजाबात शेतात पडलेले तुकडे. "अण्णा, ह्या काय ता सांगा." पीएल-१५, म्हटलं. एरवी तासभर सोडला नसता त्याला. आज उठून परसात गेलो.
सौ. : "जेवक नाय कित्याक?"
"पित्त झालंय."
"सुमीचा विमान मागेच आसा न्हय?"
"हो."
किती मागे, ते तिने विचारलं नाही. म्हणाली, उद्या गाऱ्हाणा घालूया.

शनिवार, १० मे
देवळात गेलो. माझा फारसा विश्वास नाही, पण गेलो. गाऱ्हाणं घालायला दाजी गावकर. ते देवापुढे मागणं मोठ्याने मांडणार, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी म्हटलं, लेक सुखरूप राहू दे, एवढंच घाला.
दाजी चिडले. "अण्णा, एक वायर चुकली तर तुमी माणसाक उभो फाडतास, आनी देवाक मोघम सांगतास? संकट कसला, खंयसून येता? नायतर देव अडवतलो कसो?"
त्यांच्या कानाशी गेलो. तर दाजी : "मोठ्यान सांगा, माका ऐकाक कमी येता."
सौ. शेजारीच उभी.
सांगितलं. सगळं.
दाजींनी जसंच्या तसं घातलं : "बा देवा म्हाराजा, जा मिसाईल मागे रवणाऱ्या विमानाकच शोधीत येता, शेवटाक डोळो उघडता, ता वाटेतच थकवन खाली पाड रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं. त्यात सौ.चा आवाज नव्हता.


रविवार, ११ मे
काल संध्याकाळी थांबलं म्हणतात. बाबल पेढे देऊन गेला. "आता हसा ओ अण्णानु!" पुडा तसाच आहे. फोन नाही. टीव्हीवर कोणी म्हणतं थांबलं, कोणी म्हणतं अजून चालू आहे.
सौ. येऊन समोर बसली. मग :
"त्येचो डोळो उघडल्यावर सुमीच्या हातात किती वेळ रवता?"
म्हटलं, उंचीवर अवलंबून, वेगावर अवलंबून...
"ता टीव्हीवाल्याक सांगा. माका आकडो सांगा."
आकडा मला माहीत आहे, सेकंदांत मोजायचा. ती अजून समोर बसली आहे.