म्हातारीसमोरचे दोन कॅमेरे

सोमवार, २ जून

दोन्ही माझ्याच गळ्यात! इंजिनियर मिरेया आज वेधशाळेची जीप घेऊन आली ती दोन खोकी घेऊनच. एकात काळा मिररलेस कॅमेरा. नवशिक्यांसाठीचा म्हणे. लेन्स काढता-घालता येते, पण सोबत दिलीय ती एकच, आखूड. दुसऱ्यात राखाडी सुपरझूम, साबणाच्या वडीहून थोडा मोठा. बटण दाबलं की नाक बाहेर काढतो आणि काढतच राहतो. डोंगराभोवतीच्या सगळ्या पहारेकऱ्यांना यातला एकच मिळणार. कुठला, ते मी सांगायचं.

"तुम्ही लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे फोटो काढता, डेल्फिनाताई. आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल."

नवरीला सांगता तरी येतं, हनुवटी वर कर म्हणून. ज्वालामुखीला काय सांगू?

आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. कधी धूर, कधी राख, कधी नुसती गुरगुर. रोज संध्याकाळी रेडिओवर एकेक पहारेकरी आपापल्या जागेवरून काय दिसलं ते सांगतो, मग गाव जेवायला बसतं. माझं घर नदीच्या अलीकडे, उंच काठावर, म्हातारीच्या समोरासमोर. धाकटा भाऊ रोसेन्दो पलीकडे, थेट तिच्या पायाशी, गाई घेऊन. ती खरोखर उठली तर पहिला तोच जाणार.

हे लिहायला नको होतं. लिहिलं गेलं.

मंगळवार, ३ जून

मिररलेसची लेन्स इतकी आखूड की अख्खी म्हातारी मावते, वर आभाळ उरतं, खाली रोसेन्दोचं पत्र्याचं छप्परही येतं. मग निदान रोज एकाच जागेवरून फोटो काढू म्हणून अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्यात लोखंडी नळी उभी केली, सिमेंटने पक्की केली. तिच्यावर कॅमेरा स्क्रूने बसतो. रोज सकाळी एक फोटो, जराही न हलवता. कंटाळवाणं काम.

सुपरझूम मात्र हातात घेऊन कुठूनही! एका हातात रेडिओ, एका हातात तो. कडेवर म्हातारीच्या तोंडापाशी जळालेला एक दगड आहे, तोसुद्धा दिसला. मग खाली आणला तर रोसेन्दो दूध काढताना. रेडिओवर सांगितलं, "टोपी उलटी घातलीयस." त्याने इकडे वळून जे केलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार, ५ जून

रोसेन्दो चीज द्यायला पूल ओलांडून वर आला. सुपरझूम हातातून सोडेना.

"ताई, यात तर म्हातारीच्या नाकातले केस दिसतात. त्या दुसऱ्या ठोकळ्याने काय करायचं? हाच सांग."

मी म्हटलं, पहाटे अंधुक उजेडात हा नुसती रांगोळी काढतो, दाणेदाणे सगळे. मिररलेस त्याच उजेडात स्वच्छ दाखवतो. तर म्हणाला, "पहाटे मी गाईंकडे बघतो, म्हातारीकडे नाही."

"आणि ती उठली तर?"

"डोळ्यांनी दिसलं की निघेन. कोणी सांगितलं म्हणून नाही. मागच्या वेळी सैनिकांनी ट्रकमध्ये कोंबलं, आठवतंय ना? परत आलो तर गोठा रिकामा. आणि म्हातारीला साधी शिंकसुद्धा आली नव्हती."

आठवतंय. इथे सगळ्यांनाच आठवतं. म्हणून तर कोणी हलत नाही.

रविवार, ८ जून

म्हातारी गप्प. वाफ नाही, आवाज नाही. पाऊस मात्र थांबायचं नाव घेत नाही. रेडिओवर सगळे खुशीत, "शांत, शांत, इकडेही शांत." मला हे आवडत नाही. बडबडं माणूस अचानक गप्प बसलं की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तसं झालंय माझं.

बुधवार, ११ जून

कामाचं लिहून ठेवते. सुपरझूम — बॅटरी दोन दिवस पुरते, खिशात मावतो, पण पूर्ण लांबवला की हात थरथरला तरी म्हातारी उडी मारते. ऊन पडलं की मधली हवाच हलते, कडा लाटांसारख्या दिसतात. शिवाय नाक आत-बाहेर करताना धूळ आत ओढतो. खरी राख पडायला लागली तर चार दिवसांत दात खाईल. मिररलेस — बॅटरी भुकेली, जवळचं काही दाखवत नाही, पण जे दाखवतो ते खरं वाटतं.

स्वयंपाकघराचं दार आज चौकटीत अडकलं. खांद्याने ढकलावं लागलं. चुलीवरच्या भिंतीला बारीक तडा. चुलीखाली पाळलेल्या कुई, म्हणजे गिनीपिग, सकाळपासून एका कोपऱ्यात गोळा होऊन बसल्यात, गवत टाकलं तरी येईनात. शेजारच्या बेर्ताबाईंनी तडा पाहिला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "म्हातारी आतून धक्के देतेय." इथे दूध नासलं तरी म्हातारीचं नाव घेतात. पण या वेळी मलाही तेच वाटलं.

गुरुवार, १२ जून

झऱ्याचं पाणी गढूळ येतंय. गाळून घेतलं. गाळलं तरी मातीचा वास.

रविवार, १५ जून



पावसामुळे बाहेर जाता येईना म्हणून सातूची पेज घेऊन बसले आणि मिररलेसचे सकाळचे फोटो चाक फिरवून एकामागून एक बघत होते. स्क्रीनवर चौकटीच्या बारीक रेषा असतात. पहिल्या दिवशी म्हातारीची डावी कड मधल्या रेषेच्या खाली होती. आज वर आहे. जोरात चाक फिरवलं तर कड वर चढताना दिसते — झोपलेल्या माणसाची छाती भरावी तशी.

पुन्हा पाहिलं. पुन्हा. फोटो एकाच नळीवरून, एकाच लेन्सने. फुगतेय म्हातारी.

सुपरझूमचे फोटो काढून बघितले, तर त्यातून काहीच कळत नाही. दर वेळी मी वेगळीकडे उभी, झूम वेगळा. बहुतेकांत नुसतं तोंड, नुसता दगड. आम्ही सगळे रोज तिच्या तोंडात डोकावत होतो आणि शांत, शांत म्हणत होतो.

सोमवार, १६ जून

मिरेया रेडिओवर सापडली. तिचा आवाज एकदम हळू झाला. म्हणाली, त्या कडेवरचं यंत्र वीज पडून बंद पडलंय, बाकीची काही दाखवत नाहीत, फोटो बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आणि ती येणार कशी? वरच्या रस्त्यावर दरड आलीय, जीप अडकलीय पलीकडे. "एक-दोन दिवसांत रस्ता मोकळा होईल, ताई. तोवर लोकांना घाबरवू नका."

घाबरवू नका! तिचा भाऊ नाही तिथे खाली.

संध्याकाळी रेडिओवर माझी सांगायची पाळी आली तेव्हा शांत म्हटलं नाही. कड फुगलीय, पायथा रिकामा करा म्हटलं. मग रोसेन्दो बोलला.

"कशावरून, ताई? त्या ठोकळ्यावरून?"

"हो."

"मग तो दुसरा लाव डोळ्याला. तोंड बघ, काही नाही. तू लग्नाच्या फोटोतही सगळ्यांना जाडं करतेस."

कोणीतरी हसलं रेडिओवर. मी बंद केला.

बुधवार, १८ जून

आणलं! सगळ्यांना आणलं.

काल कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःच पूल ओलांडला. रोसेन्दोशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून थेट त्याच्या बायकोकडे गेले. एल्विराने पोरीला कमरेवर सावरत एका हाताने चाक फिरवलं, कड वर चढताना पाहिली, परत खाली, परत वर. चुलीतला विस्तव विझवला आणि गोधड्या बांधायला लागली. विस्तव विझवलेला पाहून रोसेन्दो दारातच थबकला.

"म्हणजे जायचंच?"

"तुम्ही बसा म्हातारीजवळ," एल्विरा म्हणाली, "मी आणि पोरं ताईंकडे."

मग शेजारचं घर निघालं, मग त्यापुढचं. आज दुपारपर्यंत पायथ्याची सगळी घरं माझ्या अंगणात आणि मोरा बेरी निवडायच्या शेडमध्ये. गाई गडग्याला ओळीने बांधल्यात. मोठं पातेलं चढवलंय, मक्याचे दाणे आणि बटाटे. गुळाच्या पाण्यात दालचिनी टाकली तर मुलं जत्रेला आल्यासारखी नाचली. म्हातारी ढगात. येऊ दे आता तिला काय यायचं ते, माझी माणसं नदीच्या या बाजूला आहेत. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

वेधशाळेसाठीचं मतही लिहून टाकलं. मिररलेस. लांबचं जवळ आणणारा नको, जागा न सोडणारा हवा.

गुरुवार, १९ जून

सकाळचा फोटो. एका दिवसात कड जेवढी चढली तेवढी पूर्ण आठवड्यात चढली नव्हती. एल्विराला दाखवला, तिने पोरीला घट्ट धरलं. मला मेलीला बरं वाटलं — वेळेवर आणलं म्हणून.

रोसेन्दो मात्र तोंड पाडून गडग्यावर बसलाय, सुपरझूम डोळ्याला लावून. दिवसभर स्वतःचं घर बघतोय. गवत कापायचं राहिलंय, कोंबडी राहिली मागे, फाटक उघडं राहिलंय. संध्याकाळी माझ्या हातातला मिररलेस ओढून घेतला, चाक फिरवलं, आणि कुत्सित हसला.

"वा, ताई! तुझ्या फोटोत माझं छप्परही वर चढलंय. पत्रा पण फुगला का गं?"

"गप्प बस," मी म्हटलं. "जीव वाचलाय तुझा."

"वाचलाय खरा. आणि या तुझ्या गडग्याला टेकून माझी पाठ मोडली. बसलं की पुढेच घसरायला होतं."

शेडमधली पोरं आज दार उघडता येईना म्हणून रडत होती. दोघा पुरुषांनी ओढून उघडलं.

शुक्रवार, २० जून

छप्पर. झोपच लागली नाही त्या छपरापायी. उजाडल्यावर सुपरझूमचे झूम न करता घेतलेले फोटो काढले, ज्यात छप्पर आणि कड दोन्ही आहेत असे. दोन्हींमधलं अंतर पहिल्या दिवशी जेवढं, कालही तेवढंच. म्हातारी हललेली नाही. मिररलेसमध्ये मात्र छप्पर, नदी, कड, सगळंच वर गेलंय. कॅमेरा खाली वाकतोय. गडगा वाकतोय. अंगण नदीकडे निघालंय, आणि त्यावर मी सगळं गाव आणि सगळी गुरं आणून उभी केलीत.

रोसेन्दोला सांगितलं. चेष्टा केली नाही, ओरडलाही नाही. गाईंची दावी सोडतोय, आवाज न करता. वरच्या रस्त्यावर दरड अजून तशीच. उतरायचं ते पुलाकडेच, आणि ती पायवाट याच गडग्याखालून जाते. धुक्यात ती दिसत नाही, म्हणून धुकं उठायची वाट बघत सगळे उभे आहेत. गडग्यापासून लांब उभे राहा म्हटलं, का ते मोठ्यांनाच सांगितलं.

एल्विरा विचारते, "ताई, घरीच जायचंय ना आता?"

हो म्हटलं.